कृतीच्या पोटातील दानविनंती : कारंज्याची हस्तलिखिते आणि मुक्त सॉफ्टवेअर

ज्या कृतीची नक्कल कोणालाही करता येते, ती निर्माण करणाऱ्याचा आणि पुढे सांभाळणाऱ्याचा चरितार्थ कसा चालावा, हा प्रश्न मुद्रणपूर्व काळात पोथीच्या संबंधात उपस्थित झाला होता. गेल्या चार-साडेचार दशकांत तोच प्रश्न संगणकाच्या सॉफ्टवेअरच्या संबंधात पुन्हा उभा राहिला आहे. त्याला जी निरनिराळी उत्तरे देण्यात आली, त्यांपैकी केवळ एकाच उत्तराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ते उत्तर असे की, दानाची विनंती अथवा दानाची नोंद कृतीबाहेर न ठेवता ती कृतीच्याच अंगात लिहून ठेवावयाची. असे केल्याने ती कृतीबरोबर गावोगाव जाते, हा लाभ उघड आहे. परंतु त्याचबरोबर तिचे जीवित नक्कल करणाऱ्याच्या हाती जाते. तो ती तशीच उतरवील, गाळील, किंवा तिच्या जागी स्वतःचे नाव घालील. अशा विनंतीच्या इतिहासात ही दुसरी बाजूच निर्णायक ठरलेली आहे, असे मला वाटते. तिचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

प्रथम संज्ञेविषयी थोडेसे. ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड उपलब्ध असतो आणि जे वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व इतरांस वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला दिलेले असते, त्यास मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे या चळवळीच्या प्रवर्तकांना तो खुलासा पुनःपुन्हा करीत बसावे लागले. मराठीला हे दोन शब्द पूर्वीपासूनच वेगळे असल्याने तो श्रम आपल्याला पडत नाही. उलट दान, देणगी, वर्गणी, आश्रय, माधुकरी अशी देण्याघेण्याची शब्दसंपत्ती मराठीत एवढी आहे की, इंग्रजी विनंतीचा अनुवाद करणाऱ्याला प्रत्येक वेळी निवड करावी लागते. ‘दान’ म्हटले की पुण्याचा संबंध येतो आणि ‘वर्गणी’ म्हटले की मंडळाचा व मंडपाचा. या निवडीकडे आपण पुढे वळू.

विदर्भातील वाशीम जिल्ह्यात (१९९८ पूर्वी अकोला जिल्ह्यात) कारंजा हे गाव आहे. सामान्य भाविकाला ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते. प्राकृत-अपभ्रंशाच्या अभ्यासकाला ते ठाऊक असते ते तेथील जैन ग्रंथभांडारांमुळे. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे तेथे असून भट्टारकांच्या आश्रयाने त्यांत शतकानुशतके हस्तलिखिते जमा होत गेली. रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची तयार केली व जी १९२६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यामुळे या संग्रहाचे महत्त्व विद्वानांच्या ध्यानी आले. अपभ्रंश वाङ्मयाचा, म्हणजेच पर्यायाने मराठीच्या पूर्वावस्थेचा, अभ्यास पुढे ज्या वेगाने झाला, त्यात या भांडारांचा वाटा मोठा आहे.

जैन आचारात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितलेली आहेत. पैकी शास्त्रदान म्हणजे ग्रंथाची प्रत लिहवून घेऊन ती मुनीला, आर्यिकेला अथवा भांडाराला अर्पण करणे. ग्रंथ विकावयाचा नसे. तो लिहविणारा एक, लिहिणारा दुसरा आणि वाचणारा तिसरा असे. अशा प्रतीच्या अखेरीस जी पुष्पिका किंवा प्रशस्ती येते तिची घडण सामान्यतः ठरलेली असते. संवत, मास व तिथी, स्थळ, कोणाच्या राज्यात, कोणत्या संघाच्या, गणाच्या व गच्छाच्या कोणत्या भट्टारकाच्या परंपरेत, त्यानंतर दात्याची ज्ञाती, त्याचे माता-पिता, भार्या, पुत्र, स्नुषा, आणि शेवटी ही प्रत ज्ञानावरणीय कर्माच्या क्षयासाठी लिहवून अमुक व्यक्तीस दिली, अशी नोंद. या नोंदी इतक्या तपशीलवार असतात की, विद्याधर जोहरापूरकर यांना ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) हा ग्रंथ रचताना भट्टारकांच्या पीठपरंपरा लावण्यासाठी मूर्तिलेखांच्या जोडीला त्यांचा आधार घेता आला. दात्याने आपल्या पुण्यासाठी केलेली नोंद इतिहासकाराच्या उपयोगी पडली, ती अशी.

आता या नोंदीचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. तिच्यातील मुख्य क्रियारूपे भूतकालवाचक कृदंते असतात : ‘लिखापितम्’, ‘प्रदत्तम्’. दान होऊन गेलेले आहे आणि पुष्पिका त्याची साक्ष आहे. वाचकाकडे द्रव्य मागितलेले नाही. वाचकाला उद्देशून जे आज्ञार्थ वा विध्यर्थ येतात ते लेखकाचे, म्हणजे लहिया किंवा लेखनिकाचे असतात, आणि त्यांत मागणी असते ती जपणुकीची : तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून पोथी राखावी; पाठीला, मानेला व डोळ्यांना कष्ट देऊन ती लिहिली आहे हे स्मरावे; मुळात जसे दिसले तसे उतरविले, शुद्धाशुद्धाचा दोष आपणांस देऊ नये. ही शेवटची विनवणी मला विशेष लक्षणीय वाटते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जवळजवळ प्रत्येक परवान्यात, वस्तू आहे तशी दिली आहे व तिच्या दोषांची हमी नाही, असे एक कलम असते. कायदेपंडिताची भाषा बाजूला सारली तर ते लहियाचेच म्हणणे होय.

दात्याचे नाव केवळ प्रतीच्या अखेरीसच नव्हे, तर रचनेच्या आतही गुंफले जाई. याचे उत्तम उदाहरण पुष्पदंताचे आहे. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात मंत्री भरताच्या आश्रयाने त्याने ९५९ साली अपभ्रंश महापुराणास आरंभ केला व ९६५ साली ते पुरे केले. महापुराणाच्या संधींच्या समाप्तिवाक्यांत भरताचे नाव येते, आणि ‘जसहरचरिउ’ व ‘णायकुमारचरिउ’ या काव्यांत त्याच ठिकाणी भरताचा पुत्र नण्ण येतो. म्हणजे ही नावे संधीला चिकटलेली आहेत. ती काढावयाची तर ग्रंथाची वीणच उसवावी लागते. हजार वर्षांनंतर ‘जसहरचरिउ’ डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादून १९३१ साली कारंज्याहून प्रसिद्ध केले. ज्या मालेत ते निघाले तिचे नाव अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला. ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैन यांच्या संपादनाने १९३३ साली देवेंद्रकीर्ती जैन ग्रंथमालेत निघाले. हे नाव भट्टारकाचे. मुद्रणाचे युग आले तरी मुखपृष्ठावर मालेच्या नावाने चवरे राहिले आणि आत काव्यात नण्ण राहिला, असा हा दुहेरी आश्रय आहे.

प्रतीच्या अखेरच्या पुष्पिकेला मात्र हे संरक्षण नव्हते. नवी प्रत करणारा लहिया जुनी पुष्पिका बहुधा गाळी व आपल्या यजमानाची घाली. क्वचित तो जुनी पुष्पिका तिच्या तिथीसकट जशीच्या तशी उतरवी, आणि मग प्रतीचा काळ ठरविताना संपादकाची फसगत होई. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हे परिचित आहे. तात्पर्य, कृतीच्या शरीरात विणलेले नाव टिकते आणि कडेला लिहिलेली नोंद लहियाच्या मर्जीवर राहते.

सॉफ्टवेअरच्या इतिहासात अशा विनंतीचा आरंभ १९८२ च्या सुमारास अमेरिकेत झालेला दिसतो. अँड्र्यू फ्लूगलमन याने ‘पीसी-टॉक’ हे दूरसंपर्काचे सॉफ्टवेअर रचले व ते दुकानात न विकता लोकांना एकमेकांस वाटू दिले. सुरू होताच पडद्यावर मजकूर येई, त्याचा आशय असा की, ही वस्तू उपयुक्त वाटत असेल तर पंचवीस डॉलरचा हातभार लावावा. लावला नाही तरी नकला करून इतरांस अवश्य द्याव्यात. त्याच वर्षी जिम नॉफ यानेही आपल्या ‘पीसी-फाइल’ या सॉफ्टवेअरसोबत प्रथम दहा डॉलरांची अशीच विनंती केली होती. पुढे दोघांची गाठ पडून विनंतीची रक्कम सारखी झाली. या विनंतीचे वाक्य सांकेतिक आहे : ‘उपयुक्त वाटत असेल तर’. देणाऱ्याने आपले मूल्यमापन आधी करावे, मग द्यावे. कालांतराने या मार्गातून जो व्यवसाय वाढला त्यात विनंतीची अट झाली, मुदत आली आणि नोंदणी न करणाऱ्याला वस्तू अपुरी मिळू लागली. तेव्हा तो मार्ग आपल्या विषयाच्या बाहेर गेला.

रिचर्ड स्टॉलमन याची भूमिका मुळातच वेगळी होती. त्याच्या १९८५ च्या ग्नू जाहीरनाम्यात यंत्रे बनविणाऱ्यांकडे यंत्रे व द्रव्य, आणि व्यक्तींकडे श्रम व प्रोग्रॅम अशी याचना उघडपणे, प्रथमपुरुषी एकवचनात केलेली आहे. हा जाहीरनामा ‘ईमॅक्स’ या संपादकाच्या माहितीपुस्तिकेत समाविष्ट करण्यात आला. म्हणजे ज्याच्याकडे ईमॅक्स गेला त्याच्याकडे याचनाही गेली. मात्र स्टॉलमनने परवाना रचला तेव्हा त्यात जी सूचना सक्तीने जपावयाची ठरविली ती स्वामित्वाची व हमी नसल्याची. दानविनंतीला तसे कोणतेही कवच दिले नाही. तसे कवच देणे त्याच्या तत्त्वात बसणारेही नव्हते. बदलण्याचे स्वातंत्र्य द्यावयाचे आणि विनंतीच्या ओळीला हात लावू द्यावयाचा नाही, ही दोन्ही एकत्र नांदणे कठीण. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरमधील दानविनंती ही अखेरच्या पुष्पिकेसारखी आहे, पुष्पदंताच्या संधीसारखी नाही.

लहियाच्या मर्जीची दोन उदाहरणे येथे सविस्तर देतो, कारण ती परस्परविरुद्ध आहेत.

‘व्हिम’ हा मजकूर-संपादक ब्रॅम मोलेनार या डच गृहस्थाने १९९१ साली प्रसिद्ध केला. १९९४ च्या सुमारास तो युगांडातील किबाले येथील बालकेंद्रात काम करून आला. त्यानंतर त्याने व्हिमच्या परवान्यातच असे लिहिले की, हे धर्मादाय सॉफ्टवेअर आहे. हवे तितके वापरावे, हव्या तितक्या नकला कराव्यात, परंतु युगांडातील गरजू मुलांसाठी काही द्यावे असा आग्रह आहे. नाव न देता व्हिम उघडला की रिकाम्या पडद्याच्या मध्यभागी या मुलांना साहाय्य करण्याचे आवाहन दिसे. पुढे त्याच जागी आळीपाळीने व्हिमच्या विकासाला पाठबळ देण्याचे व नोंदणीकृत सदस्य होण्याचे आवाहनही येऊ लागले. असे साहाय्य करणाऱ्यांना कोणत्या सुधारणा आधी व्हाव्यात यावर मत देता येई. दात्याला कृतीत थोडीशी जागा देण्याचा हा प्रयत्न म्हणावा लागेल. २०१४ साली मोलेनारच्या कारभाराशी मतभेद होऊन ‘निओव्हिम’ ही वेगळी शाखा निघाली. त्या मंडळींनी आतील सोर्स कोडचा बराच भाग उपसला, जुने टाकले, नवे घातले. पण आपल्या आरंभीच्या पडद्यावर युगांडातील मुलांची ओळ त्यांनी ठेवली. तशी सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती. मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारला. जानेवारी २०२४ मध्ये निघालेली व्हिमची ९.१ ही आवृत्ती त्याच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली आहे. अर्पणपत्रिका हीसुद्धा पुष्पिकेचीच बहीण होय.

दुसरे उदाहरण ‘बॅन्शी’ या संगीत वाजविण्याच्या सॉफ्टवेअरचे. त्यात ॲमेझॉनच्या संगीत-दुकानाची एक जोड होती. तिच्यातून झालेल्या खरेदीवर जी दलाली मिळे ती सर्वच्या सर्व ‘नोम’ प्रतिष्ठानाला जावी, अशी तजवीज रचनाकारांनी सोर्स कोडमध्येच केलेली होती. २०११ च्या आरंभी ‘उबंटू’चे वितरण करणाऱ्या कॅनॉनिकल या कंपनीने आपल्या आगामी आवृत्तीत बॅन्शीचा समावेश करावयाचे ठरविले आणि रचनाकारांपुढे दोन पर्याय मांडले : दलालीचा पंचाहत्तर टक्के भाग कंपनीने घ्यावा व पंचवीस टक्के प्रतिष्ठानाला जावा, किंवा ही जोड मुळातच बंद ठेवावी. रचनाकारांनी दुसरा पर्याय स्वीकारला. त्यानंतर कंपनीने विचार बदलून पहिलाच पर्याय अंमलात आणावयाचे ठरविले, आणि भरपाईदाखल आपल्या स्वतःच्या संगीत-दुकानाच्या उत्पन्नाचाही पाव हिस्सा प्रतिष्ठानाला देऊ केला. बोभाटा बराच झाला. परवान्याच्या दृष्टीने कंपनीचे काही चुकले नव्हते. वितरणाचा खर्च ती करीत होती, हेही खरे. तरीही जी प्रतिक्रिया उमटली ती चोरीच्या आरोपाच्या जवळ जाणारी होती. पोथी उतरविण्याचा पूर्ण अधिकार असलेल्या लहियाने दात्याच्या नावाच्या जागी आपले नाव घातले, तर वाचकांस जे वाटेल तेच येथे वाटले. कायद्याने मुक्त असलेल्या कृतीतही पुष्पिकेसंबंधी एक अलिखित संकेत असतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

विनंतीच्या शब्दांविषयीही लोक किती जागरूक असतात, याचे उदाहरण २०१५ मधील. ‘एलिमेंटरी’ या कार्यप्रणालीच्या चालकांनी उतरवून घेण्याच्या पानावर मनास येईल ती रक्कम द्यावी अशी सोय केली होती. शून्यही चालत असे. त्या बदलाचे स्पष्टीकरण करताना त्यांनी शून्य देणारा मनुष्य व्यवस्थेला फसवितो, अशा अर्थाचा शब्द वापरला. ज्याला देण्याचे स्वातंत्र्य दिले त्यालाच न देण्याबद्दल दोषी ठरविणे वाचकांना रुचले नाही आणि चालकांना तो शब्द मागे घ्यावा लागला. वाशीम येथे सापडलेल्या वाकाटक विंध्यशक्तीच्या ताम्रपटाची भाषा पाहावी : ती दानशासनाची, म्हणजे राजाज्ञेची आहे, कारण देणारा वर आणि ऐकणारा खाली. विनंती करणारा खालच्या पायरीवर उभा असतो. त्याने वरून बोलू नये, हा भाषाव्यवहाराचा साधा नियम आहे. मराठीत यासाठी विध्यर्थाची उत्तम सोय आहे. ‘देणगी द्या’ आणि ‘देणगी द्यावी’ यांत जे अंतर आहे ते इंग्रजीला एका रूपाने साधता येत नाही. तिला उपचाराचा शब्द तरी जोडावा लागतो किंवा कर्मणि प्रयोगाच्या आड लपावे लागते. असे असता आपल्याकडील अनुवादांत सर्रास आज्ञार्थ येतो, ही खेदाची गोष्ट आहे. ‘दान करा’ हे तर मला दुप्पट चुकीचे वाटते. मागणाऱ्याने आपणच आपल्याला मिळणाऱ्या द्रव्यास ‘दान’ म्हणावे, हे मराठी कानाला खटकते. तेथे ‘साहाय्य करावे’ किंवा ‘वर्गणी द्यावी’ योग्य.

याहून गंभीर अडचण स्थानाची आहे. व्हिमला रिकामा पडदा होता. ज्या सॉफ्टवेअरला पडदाच नाही त्याने विनंती कोठे लिहावी? ‘ओपनएसएसएल’ हा संगणकांमधील गुप्त संपर्क राखणारा ग्रंथालय-स्वरूपाचा सोर्स कोड. तो इतर सॉफ्टवेअरच्या आत बसतो आणि सामान्य मनुष्याला कधी दिसत नाही. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाने कुप्रसिद्ध झालेला दोष उघडकीस आला, आणि जगातील फार मोठा आर्थिक व शासकीय व्यवहार ज्यावर विसंबून होता त्या कामाला वर्षाकाठी देणग्या केवळ दोन हजार डॉलरांच्या आसपास मिळत होत्या, हे लोकांना कळले. काम थोड्या माणसांच्या खांद्यावर होते. पोथीच्या मधल्या पानावर कोणी पुष्पिका लिहीत नाही. पण मधले पान कुजले तर पोथी जाते.

पडदा नसलेल्यांनी मग निराळ्या जागा शोधल्या. जावास्क्रिप्टची पॅकेजे जोडून घेताना संगणक जो निरोप छापतो त्यात काहींनी आपली याचना घातली. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘स्टँडर्ड’ या पॅकेजाच्या कर्त्याने त्या जागी पुरस्कर्त्यांच्या जाहिराती दाखविण्याचा प्रयोग केला. त्यावर इतका रोष झाला की प्रयोग आवरता घ्यावा लागला आणि वितरण करणाऱ्या ‘एनपीएम’ने अशा जाहिरातींना मज्जाव केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एनपीएमने स्वतःची सोय केली : प्रत्येक कर्त्याने आपल्या विनंतीचा पत्ता एका ठरावीक रकान्यात लिहावा, आणि जोडणी संपल्यावर इतकी इतकी पॅकेजे अर्थसाहाय्याच्या शोधात आहेत, एवढेच एका ओळीत छापले जावे, तपशील हवा असेल त्याने वेगळी आज्ञा द्यावी. गोंगाट थांबला हे खरे. परंतु याचकांची नावे जाऊन केवळ त्यांची संख्या राहिली, हेही खरे.

पडदा असलेल्यांचे मात्र अलीकडे बरे चाललेले दिसते. ‘थंडरबर्ड’ या टपाल-सॉफ्टवेअरला २०२२ साली चौसष्ट लाख डॉलरांहून अधिक देणग्या मिळाल्या, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सॉफ्टवेअरच्या आतच वाचकांपुढे ठेवलेल्या आवाहनाचा त्यात हात होता. ‘केडीई’च्या प्लाझ्मा ६.२ या ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीत वर्षातून एकदाच, डिसेंबरात, एक लहान विनंती दाखविण्याची योजना आली. वापरणाऱ्याला ती बंद करता येते. वितरकालाही काढून टाकता येते. वर्षातून एकदा दाराशी येणाऱ्याला आपल्याकडे कोणी हटकत नाही. वासुदेव रोज आला असता तर त्याला सूप भरून दाणे मिळाले नसते, असे मला वाटते.

आपल्या देशातील एका उपक्रमाचा उल्लेख येथे करावयास हवा. बंगलोरच्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस/फंड’ नावाचा निधी जाहीर केला. त्यातून जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरला वर्षाकाठी एकूण दहा लाख डॉलर, एकेका प्रकल्पास दहा हजारांपासून एक लाख डॉलरपर्यंत, द्यावयाचे ठरले. अर्जाची रीत अशी की, ज्याला साहाय्य हवे त्याने ‘फंडिंग डॉट जेसन’ या नावाची एक फाइल आपल्या सोर्स कोडच्या भांडारात किंवा संकेतस्थळावर ठेवावयाची. ती माणसापेक्षा यंत्राने वाचण्यासाठी आहे. तिची घडण पुष्पिकेइतकीच ठरलेली आहे : मागणारी व्यक्ती किंवा संस्था कोण, प्रकल्प कोणते, द्रव्य कोणत्या मार्गांनी स्वीकारले जाईल, किती व कशासाठी हवे; आणि शेवटी पूर्वेतिहास. या पूर्वेतिहासाच्या रकान्यात वर्ष, प्राप्ती व खर्च यांचे आकडे भरावयाचे असतात. दात्याचे नाव, त्याचे माता-पिता, भार्या व स्नुषा यांच्यासाठी त्यात रकाना नाही.